कौन्सिलातले रानडे आणि भीमथडीची खते

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी पुरोगामी वर्तुळात दोन सोयीस्कर मते रूढ आहेत. एक मत जयंतीच्या दिवशी तसबिरीला हार घालणाऱ्यांचे: रानडे म्हणजे महाराष्ट्राचे पितामह, समाजसुधारणेचे आद्य प्रवर्तक, विद्वत्तेचा हिमालय. दुसरे मत अभ्यासशिबिरांत ऐकू येते: रानडे म्हणजे सरकारी नोकर, नेमस्त, अर्जविनंत्यांच्या राजकारणाचे जनक, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्यांच्याकडून घेण्यासारखे काही नाही. पहिल्या मतात भक्ती आहे, दुसऱ्यात आळस. दोन्ही मते बाळगणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते, ती अशी की रानडे हे मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाचे तीन वेळा नेमलेले सभासद होते. १८८५, १८९० आणि १८९३ अशा त्यांच्या नेमणुका झाल्या. त्याच काळात शिरूर आणि भीमथडी या तालुक्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याची अंमलबजावणी तपासण्याचे कामही त्यांच्याकडे होते. कायदा करणाऱ्यांच्या पंक्तीला बसणारा आणि कायद्याने गावात काय केले हे तंबूत मुक्काम करून पाहणारा असा दुसरा विधिमंडळ सभासद त्या शतकात महाराष्ट्राला क्वचितच लाभला असेल. मग त्याच्या हातून शेतकऱ्याच्या पदरात इतके थोडे का पडले, हा प्रश्न हार घालून सुटत नाही आणि नाक मुरडूनही सुटत नाही.

प्रश्नाचे मूळ करडे या गावात आहे. शिरूर तालुक्यातील या गावी १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्या दीडशे रुपयांपायी त्याचे घर पाडले. घरापेक्षा गावाची अब्रू मोठी ठरली. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्याकडे कोणी कामाला जाईना, त्याचे नित्याचे व्यवहार अडले. पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी हिशेबाच्या वह्या व खते जाळली. आजचा दौंड तालुका हा त्या भीमथडीचाच भाग. ज्या भीमथडीच्या तट्टांनी कधी काळी उत्तरेच्या नद्यांचे पाणी प्याले असे मराठी माणूस अभिमानाने सांगतो, त्या मुलखाच्या कुणब्यावर दोन पिढ्यांत सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवण्याची वेळ आली होती.

दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. ९५१ माणसे पकडली गेली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पण या दंग्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या आकड्यांत नाही. सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. माणूस नको होता, कागद हवा होता. अडाणी समजल्या गेलेल्या शेतकऱ्याने आपला शत्रू नेमका ओळखला होता असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती ओळख अर्धीच होती, आणि उरलेले अर्धे सरकारने मोठ्या कौशल्याने झाकून ठेवले.

उरलेले अर्धे म्हणजे शेतसारा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. इलाख्यात पैसा खेळू लागला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. नेमक्या त्या तेजीच्या छायेत जमाबंदीच्या तीस वर्षांच्या मुदती संपत आल्या होत्या. १८६७ मध्ये इंदापुरापासून फेरजमाबंदी सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ती भीमथडी व आसपासच्या तालुक्यांवर येऊन आदळली. तोवर युद्ध संपून भाव कोसळले होते. वाढलेला सारा मात्र कोसळला नाही. सरकारला आपली चूक कळली होती, याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे: दंग्यांच्या आधीच, १८७४ च्या ठरावाने, फेरजमाबंदीतील वाढ गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्के यांहून अधिक असू नये असे ठरवावे लागले. शंभर टक्के ही जर दयेची मर्यादा, तर दयेपूर्वीची स्थिती काय असेल?

असे असूनही दंग्यांच्या चौकशी आयोगाने मुख्य दोष सावकारावर आणि दिवाणी न्यायालयांच्या पद्धतीवर ठेवला. आयोगाचेच एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वाढीव साऱ्याकडे बोट दाखवणारे स्वतंत्र टिपण लिहिले. ते टिपणच राहिले. एका गोऱ्या अधिकाऱ्याला जे दिसले ते सरकारला दिसेना, कारण ते दिसले असते तर कायदा सावकाराविरुद्ध करून भागले नसते.

आणि कायदा सावकाराविरुद्धच झाला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी. तो झाला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात; शिरूरच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा निकाल सिमल्याच्या थंड हवेत लागला, आणि त्या सभेत खत लिहून देणारा एकही माणूस नव्हता. तरीही कायदा टाकाऊ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. न्यायाधीशाने केवळ खत पाहून निकाल देऊ नये, खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, भरणा किती याचा इतिहास तपासावा, असे बंधन त्याने घातले. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले. स्पष्टपणे गहाण दिलेली नसलेली जमीन जप्तीतून वाचवली. हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला, खते गावच्या निबंधकासमोर करण्याची सोय केली, तंटे सामोपचाराने मिटवण्यासाठी पंच नेमले. करार म्हणजे करार, ही इंग्रजी कायद्याची अढळ श्रद्धा या कायद्याने प्रथम ढळवली. एका बाजूला उपाशी कूळ आणि दुसऱ्या बाजूला तिजोरी असताना दोघांनी केलेला करार हा ‘स्वतंत्र’ करार नसतो, हे समाजवादी अर्थशास्त्राचे पहिले पाऊल आहे. ते पाऊल, चुकून का होईना, सिमल्यात पडले.

रानड्यांनी या सर्व घडामोडी दुरून पाहिल्या नव्हत्या. १८४२ मध्ये निफाडला जन्मलेला हा माणूस १८७१ मध्ये पुण्यात न्यायखात्यात आला आणि लवकरच सार्वजनिक सभेचा मेंदू बनला. गणेश वासुदेव जोशी यांच्यासह सभेने १८७३ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या स्थितीची जी पाहणी केली, ती सरकारी आयोगाच्या आधीची. फेरजमाबंदीविरुद्धचे अर्ज, १८७६-७७ च्या दुष्काळात तालुक्यातालुक्यांतून मागवलेल्या हकीकती, ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानला थेट प्रतिनिधी मिळावेत यासाठी धाडलेला विनंतीअर्ज, या सगळ्यामागे त्यांची लेखणी व योजना होती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी सरकारला त्यांचाही संशय आला. त्यांची बदली झाली, त्यांची टपाल फोडली गेली. नेमस्त म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की त्या काळच्या सरकारला ते तितके नेमस्त वाटत नव्हते.

आणि मग सरकारने त्यांना जवळ केले. १८८१ पासून ते साहाय्य कायद्याखालील स्पेशल जज्जाचे सहायक झाले, १८८५ मध्ये लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत कौन्सिलात गेले, १८८७ मध्ये डॉ. पोलन यांच्या जागी स्वतः स्पेशल जज्ज झाले, आणि १८९३ मध्ये हायकोर्टात बसले. प्रत्येक पायरी योग्यतेची होती. तरीही प्रत्येक पायरीगणिक सार्वजनिक सभेची पाहणी करणारा रानडे मागे पडत गेला काय, असा प्रश्न विचारावाच लागतो. तो त्यांच्या हयातीतच विचारला गेला, आणि तो विचारणारा माणूस लहानसहान नव्हता. तीस वर्षांपूर्वीपेक्षा शेतकऱ्याची स्थिती सुधारली आहे, असे रानडे एका भाषणात म्हणाले, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून त्यांचा समाचार घेतला. साल १८८५. म्हणजे ज्या वर्षी रानडे कौन्सिलात गेले, त्याच वर्षी. ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांचे निमंत्रणही फुल्यांनी त्याच वर्षी झिडकारले. ज्या सभांत शेतकरी नाही त्या सभा शेतकऱ्याच्या वतीने कशा बोलणार, हा फुल्यांचा मूळ आक्षेप. त्याला रानड्यांजवळ उत्तर नव्हते, आणि कौन्सिलजवळ तर मुळीच नव्हते.

कौन्सिल म्हणजे काय होते, हे आजच्या कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. १८६१ च्या कायद्याप्रमाणे प्रांतिक कौन्सिलातील सभासद गव्हर्नरने नेमलेले असत. त्यांनी पुढे आलेल्या विधेयकापुरते बोलावे. सरकारला प्रश्न विचारता येत नसे, अंदाजपत्रकावर चर्चा नसे, कारभाराविषयी ठराव मांडता येत नसे. साऱ्याचे दर तर विधेयकाचा विषयच नव्हते. ते जमाबंदी खात्याच्या हुकमाने ठरत. शिरूरच्या शेतकऱ्याला ज्याने बुडवले ते कौन्सिलच्या दाराबाहेर ठेवून, उरलेल्या गोष्टींवर रानड्यांनी सल्ला द्यावा अशी ती व्यवस्था होती. अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, तोही मताशिवाय. आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस रानडे हायकोर्टात गेले.

याच शतकातील एका परदेशी विधिमंडळ सभासदाशी तुलना केली म्हणजे रानड्यांची कोंडी नीट दिसते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचा जस्टिन मॉरिल हा लोहाराचा मुलगा. कॉलेजात जाणे त्याच्या नशिबी नव्हते. दुकानदारी करून तो १८५५ मध्ये काँग्रेसमध्ये गेला. सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून प्रत्येक राज्यात शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढावीत असे विधेयक त्याने आणले. १८५९ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते नाकारले. मॉरिलने ते पुन्हा आणले आणि १८६२ मध्ये, ऐन युद्धात, लिंकन यांची त्यावर सही झाली. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती हे विसरून त्या लोकशाहीचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. पण मॉरिलचे विधेयक नाकारले गेले तेव्हा ते घेऊन तो मतदारांकडे जाऊ शकला व सभागृहात परत आणू शकला. १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सिनेटमध्ये होता. रानड्यांची योजना नाकारली गेली तेव्हा ती कोणाकडे न्यायची, हेच ठरलेले नव्हते.

ती योजना खरोखरच नाकारली गेली. साहाय्य कायद्याने सावकाराचा हात धरला, पण शेतकऱ्याला बी-बियाणे, बैल आणि साऱ्याचा हप्ता यांसाठी पैसा लागतोच; तो कुठून यावा? सावकाराने कर्ज आखडले, किंवा गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली. कायद्याने खतामागे जावे, तर सावकाराने खतच असे करावे की त्यामागे जाण्यासारखे काही दिसू नये! रानडे व पुण्याचे जिल्हा न्यायाधीश विल्यम वेडरबर्न यांनी १८८० नंतरच्या वर्षांत यावर उपाय सुचवला. भीमथडीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी बँक काढावी, सरकारने जुन्या कर्जाची तडजोड करून द्यावी, वसुलीला मदत करावी आणि पुण्याच्या पेढीवाल्यांनी भांडवल घालावे. रिपन यांच्या सरकारातील अर्थसभासद एव्हलिन बेअरिंग यांनी ती उचलून धरली. लंडनला भारतमंत्र्यांच्या कचेरीत ती फेटाळली गेली. पुरंदरच्या शेतकऱ्याला बँक मिळावी की नाही हे थेम्सच्या काठी ठरले, आणि सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले. मधल्या वीस वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडून गेले.

जे कौन्सिलात बोलता येत नव्हते ते रानडे बाहेर बोलले. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली, पुढील वर्षी स्थावर पतीच्या पुनर्रचनेवर निबंध वाचून युरोपातील शेतकी बँकांचा अनुभव मांडला, १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे सिद्धान्त त्रिकालाबाधित नाहीत असे ठणकावून सांगितले. सरकारी नोकरीत राहून, सरकारच्या अधिकृत अर्थशास्त्राची पायाभरणीच पोकळ आहे असे म्हणणे हे धैर्याचे काम होते. परंतु त्या निबंधांतच त्यांची मर्यादाही उघडी पडते. लहान शेतकऱ्यांच्या समुदायात थोडे भांडवलदार जमीनदार असावेत, जमीन ज्याच्याकडे ऐपत व काटकसर आहे त्याच्याकडे जाणे सर्वस्वी रोखू नये, असे त्यांचे मत होते. सावकाराच्या जुलमाचा त्यांना तिटकारा होता, पण जमीन हातची गेलेला कुणबी पुढे काय करतो, या प्रश्नापाशी त्यांचे अर्थशास्त्र थबकते. तो कुणबी दुसऱ्याच्या शेतावर मजूर होतो, इतके उत्तर द्यायला डेक्कन कॉलेजच्या सभागृहाची गरज नव्हती. करड्याच्या चावडीवर ते कोणीही दिले असते.

आणखी एक गोष्ट. १८९५-९६ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली आणि रानडे व गोखले यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात जुन्या सभेचे प्रचारक गावोगाव जाऊन दुष्काळी संहितेप्रमाणे सारातहकुबीचा हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगू लागले, आणि सरकारने त्या सभेची मान्यताच काढून घेतली. म्हणजे रानड्यांनी उभी केलेली संस्था तिच्या जन्महेतूच्या सर्वांत जवळ गेली, ती रानडे तिच्यात नसताना. टिळकांच्या सामाजिक मतांशी समाजवाद्यांचे कधीच जुळणार नाही. तरीही गावात कोण गेले, हा हिशेब चुकवता येत नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. सातच महिन्यांनी मुंबई कौन्सिलात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. दुष्काळात सारा थकल्याने जप्त झालेल्या जमिनी शेतकऱ्याला परत द्यायच्या, पण हस्तांतराचा हक्क काढून घेऊन, अशी त्यातील मेख होती. सरकारचा युक्तिवाद जुनाच: शेतकऱ्याला सावकारापासून वाचवायचे आहे. ज्या थकबाकीमुळे जमीन जप्त झाली ती सरकारची होती, याचा उल्लेख आडवळणाने. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी या विधेयकाची चिरफाड केली, आणि फेरोजशहा मेहता यांच्या मागोमाग ते व इतर काही लोकपक्षीय सभासद सभागृहाबाहेर पडले. गुरूला ज्या सभागृहात प्रश्न विचारता आला नाही, तेथून शिष्य उठून गेला. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

आज शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांना आपापला आमदार आहे. त्याला तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, अर्धा तास चर्चा आहे, कपातसूचना आहे. मॉरिलला जे होते ते सारे, आणि रानड्यांना जे नव्हते ते सारे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी पाटसच्या मुलखात एकोणिसाव्या शतकातच पोचले; पुढे ऊस आला, कारखाने आले, रांजणगावला औद्योगिक वसाहत आली. सावकारी नियंत्रणाचा कायदा १९४६ मध्ये झाला, त्याजागी २०१४ मध्ये नवा आला. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफ्या झाल्या. या सर्व कायद्यांत व योजनांत एक समान धागा आहे: कर्ज ज्याच्या नावावर आहे तो शेतकरी. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्या वाटेकऱ्याला सोसायटी पीककर्ज देत नाही, म्हणून त्याला माफीही नाही. तो आजही हातउसन्या पैशावर पेरतो. गावातील भूमिहीन बाई आठवड्याच्या हप्त्याने गटाचे कर्ज फेडते, एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून.

आणि दर दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून जोडपी येतात, त्यांच्या पायात तर १८७५ चीच बेडी आहे. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत नवराबायकोच्या कोयत्याचा हिशेब, आजारपणाचा खाडा त्यात धरलेला, आणि हंगाम संपताना उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या नावावर. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याची आज्ञा केली होती. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी राबवून घेणेच बेकायदा ठरवले. मुकादमाच्या वहीच्या मागे मात्र कोण गेले? येत्या अधिवेशनापूर्वी दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्यांनी तोडणी कामगारांच्या खोपटांवर जाऊन उचलीची रक्कम, टनामागचा दर, कापलेले खाडे आणि शिल्लक बाकी यांची यादी करावी, नावे गुप्त ठेवून ती दोन्ही आमदारांच्या हाती द्यावी, आणि तारांकित प्रश्न विचारायला लावावा. सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये याहून अधिक काही केले नव्हते. तिच्याजवळ तेव्हा आमदार नव्हता, एवढाच फरक.